आधी कॉक बंद करा

माझं म्हणणं एवढंच आहे की मी तो जोरात फिरवला नव्हता.

आमचं बेसिन जेवणाच्या टेबलाशेजारी, पॅसेजमध्ये आहे. त्याच्याखाली भिंतीतून जो अँगल कॉक बाहेर येतो, त्याच्या मुळाशी गेले पंधरा दिवस पाण्याचा एक थेंब जमत होता. जमायचा, फुगायचा, बराच वेळ विचार करायचा आणि पडायचा. खाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवला होता. तो संध्याकाळी भरला की बायको मोगऱ्याला घालायची. मोगरा सुधारला होता. खरं तर कुणाचीच तक्रार नव्हती. पण त्या गुरुवारी मला रजा होती, घरात पाना होता, आणि दोन्ही एकाच वेळी हाताशी असले की माणूस घरात शांत बसत नाही. पाना लावला. म्हटलं, अर्धा आटा आवळू. सुपारी फुटावी तसा ‘कट्’ आवाज झाला आणि कॉक माझ्या हातात आला. त्याची मान मात्र भिंतीतच राहिली, आणि त्या मानेतून पाण्याचा एक सरळसोट दांडा निघाला तो थेट माझ्या पोटावर.

“अहो, बंद करा ना!” बायको ओरडली.

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण इतकी बिनतोड सूचना मला कधी मिळाली नव्हती. फक्त काय बंद करायचं, हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आता गंमत बघा. मी जन्माने पुणेकर. खडकवासला साखळीत कुठली चार धरणं येतात ते मला झोपेतून उठवून विचारा. यंदा टेमघर किती भरलं, पानशेत आणि वरसगावला किती टीएमसी आहे, मुठेत किती क्युसेक सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला की नुसता ओला झाला, यावर मी अनोळखी माणसाशी कटिंगच्या दुकानात तास तास बोललो आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी कसं आणलं, जमिनीखालून दगडी नळ, मध्ये मध्ये उच्छ्वास, पेठांमधून हौद, हे सगळं पाहुण्यांना सांगून त्यांना जेवणाला उशीर केला आहे. अठराव्या शतकातलं पाणी कुठून कुठे गेलं ते मला पाठ आहे. माझ्या स्वतःच्या बेसिनला पाणी कुठून येतं, याचा मात्र पत्ता नाही. पाणी आणायचं कसं, भरायचं कसं, पुरवायचं कसं, हे आमच्या रक्तात आहे. आलेल्या पाण्याला ‘आता पुरे’ म्हणायची वेळ आमच्या घराण्यात कुणावर आलीच नव्हती.

मी भोकावर अंगठा दाबला. शाळेत वाचलेला आरुणी आठवला. धौम्य ऋषींनी शेताचा बांध राखायला पाठवलेला तो मुलगा, पाणी थांबेना म्हणून स्वतःच बांधाला आडवा झाला. त्याला निदान अंग टाकायला जागा होती. माझ्यापुढे अर्ध्या इंचाचं भोक होतं आणि त्यात अंगठा धड जातही नव्हता, धड झाकतही नव्हता. शिवाय दांड्याला अडवलं की त्याचा पंखा होतो. समोरून येणारं पाणी आता चहूबाजूंनी येऊ लागलं, त्यातलं निम्मं टेबलावरच्या पापडांवर.

“बाबा, साधारण एक पॉइंट दोन किलो प्रेशर असणार,” मुलगा म्हणाला. तो मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. “दहा मीटर उंचीच्या पाण्याला दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. आपण दुसऱ्या मजल्यावर, टाकी पाचव्याच्या वर...”

“बंद कसं करायचं ते सांग.”

“ते सिलॅबसमध्ये नाहीये.”

एवढ्यात आतून आई आली. आईचं वय बहात्तर. तिचं बालपण शनिवार पेठेतल्या वाड्यात, अकरा बिऱ्हाडांत एक नळ असलेल्या चौकात गेलं. तिने तो पाण्याचा पंखा पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला घबराट म्हणता येणार नाही.

“अरे, काय धार आहे!” ती म्हणाली. “बादली आण आधी.”

आईच्या डोळ्यांना गळती दिसलीच नाही. तिला पाणी आलेलं दिसलं, आणि तेही गुरुवारी! आमच्याकडे पाणी बंद राहायचा वार म्हणजे गुरुवार. बुधवारच्या पेपरात चौकट येते, ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.’ हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा वाचलंय की आमचा एखादा पाहुणा शुक्रवारी येणार म्हटला की तोही उशिरा आणि कमी दाबानेच येईल असं वाटतं. अशा वारी भिंतीतून फुकट, भरपूर, पूर्ण दाबाने पाणी येतंय आणि घरातली कर्ती माणसं ते बोटाने अडवताहेत, हे तिला बघवेना.

“अंगठा काढ,” ती म्हणाली.

मी काढला. पन्नाशी उलटली तरी ती त्या आवाजात म्हणाली की मी काढतो.

पहिली बादली भरली. मुलाने मोबाइलवर वेळ लावली होती. पंधरा लिटरची बादली चाळीस सेकंदांत. म्हणजे मिनिटाला साडेबावीस लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं सरकारी नियोजनात धरतात. तो हिशेब करून म्हणाला, “बाबा, तुमचा आजचा कोटा सहा मिनिटांत संपला.” आता तुम्ही माझ्या वाट्याचं वापरताय, असं त्याने बोलून दाखवलं नाही, एवढे संस्कार आहेत.

बादलीमागून बादली, मग पिंप, मग कळशी. मग दिवाणखान्यातला शोभेचा तांब्याचा हंडा. त्यात आमच्या हिने कापडी सूर्यफुलं लावली होती. आईने ती खसकन उपटून सोफ्यावर ठेवली. “हंडा पाणी भरायला असतो गं,” ती सुनेला एवढंच म्हणाली. बारा वर्षं तुंबलेलं एक मतही त्या दिवशी मोकळं झालं.

दरम्यान खाली पडणारं पाणी पॅसेजमध्ये साचत होतं. दोन पावलांवर बाथरूम, बाथरूममध्ये जाळी, पाण्याला आत ढकललं की झालं. पण आमच्या बिल्डरने बाथरूमचं पाणी घरात येऊ नये म्हणून दाराशी कडप्प्याचा दीड इंची उंबरा बसवला आहे. इतकी वर्षं आम्ही त्याची स्तुती करत आलो. आज कळलं, घरातलं पाणी बाथरूममध्ये जाऊ नये याचीही त्याने तितकीच चोख व्यवस्था केली आहे. बायको वायपरने पाणी उंबऱ्यापर्यंत न्यायची, ते उंबऱ्याला टेकून परत यायचं. पंढरीला जाऊन पायरीवरूनच मागे फिरावं तसं.

मी प्लंबरला फोन लावला.

“कॉक बंद केला का?” त्याने विचारलं.

“कॉक माझ्या हातात आहे.”

“तो नाही. वरचा. मेन.”

“तो कुठे असतो?”

पलीकडे क्षणभर शांतता. डॉक्टरला ‘यकृत कुठे असतं’ विचारणं वेगळं. त्यांना रोजच विचारतात. “माळ्यावर बघा. संडासाच्या वर. येतोच दहा मिनिटांत.” प्लंबरची दहा मिनिटं म्हणजे किती, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

माळा! मुलाच्या हाती अंगठ्याचा पहारा सोपवून मी शिडीवर चढलो. गणपतीचं थर्मोकोलचं मखर, तीन आकाशकंदील, एक मोडका पाळणा, ‘याची बॅटरी बदलली की चालेल’ म्हणून ठेवलेला इन्व्हर्टर, लग्नात आलेली आणि दुसऱ्याच्या लग्नात द्यायला ठेवलेली एक भेट. त्या सगळ्याच्या मागे, कोळ्याच्या जाळ्यात, लाल रंगाचं छोटं चाक दिसलं. वर्षानुवर्षं जे माझ्या घरात राहत होतं आणि ज्याची माझी ओळखसुद्धा नव्हती, ते ते.

चाक हलेना. दोन्ही हात लावले. फडकं गुंडाळून लावले. शेवटी एकदम सुटलं, आणि फिरायलाच लागलं. फिरतंय, फिरतंय. दहा फेरे, पंधरा, वीस. खालून मुलगा ओरडला, “काही फरक नाही, बाबा!” मी आणखी फिरवलं. जत्रेतल्या पाळणेवाल्यासारखा मी त्या अंधारात फिरवत होतो आणि खाली मिनिटाला साडेबावीस लिटर चालूच.

नंतर प्लंबरने सांगितलं ते आधी सांगून टाकतो. या चाकाच्या कॉकला गेट व्हॉल्व्ह म्हणतात. चाक फिरवलं की आतली पितळेची पाटी आट्यांवरून खाली उतरते आणि वाट अडवते. तो कधीच फिरवला नाही तर बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्याचे क्षार पाटीभोवती साचतात आणि ती जागच्या जागी बसते. मग एक दिवस आपण जोर लावतो. दांडी फिरते, पाटी हलत नाही, आणि दोघांचा संबंध कायमचा तुटतो. चाक फिरत राहतं. फिरवणाऱ्याला वाटतं, काहीतरी होतंय. म्हणून सहा महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा, उघडल्यावर पाव फेरा मागे घ्यायचा. “तुम्ही किती वर्षांनी फिरवला?” त्याने विचारलं. मी म्हणालो, “आजच.”

माळा संपला, राहिली गच्ची. गच्चीला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. चहाची टपरी शोधली, किल्ली मिळाली, पाच मजले चढलो. ओल्या लुंगीवर.

गच्चीत टाकीच्या पायथ्याशी एक आडवा पाइप आहे आणि त्यातून खाली उतरणारे सोळा पाइप. प्रत्येकाला एकेक कॉक. कुणाचा कुठला, ते कुठेही लिहिलेलं नाही. कधीकाळी कुणीतरी ऑइलपेंटने आकडे टाकले असावेत, कारण एका पाइपवर ‘७’ होता. तो सात होता की अर्धा राहिलेला एक, ते कळत नव्हतं. सुदैवाने हे कॉक नव्या पद्धतीचे, दांडीचे होते. दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर चालू, आडवी केली की बंद. पाव फेऱ्यात काम. यात एक सुख असतं की बघूनच कळतं. चाकासारखा भ्रम राहत नाही.

मी पहिली दांडी आडवी केली. दोन मिनिटांनी डक्टमधून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज आला. त्या कुणाला तरी “मोटार लाव रे!” म्हणत होत्या. म्हणजे तो त्यांच्या स्वयंपाकघराचा. उघडला. दुसरी आडवी केली. पाचव्या मजल्यावर कुणाचं तरी वॉशिंग मशीन पिपाणी वाजवू लागलं. तिसरी. चौथ्या मजल्यावरचे जोशीबुवा साबण लावून उभे होते, हे साऱ्या सोसायटीला कळलं. अशा रीतीने आमच्या इमारतीचा नळांचा नकाशा त्या दिवशी प्रथमच तयार झाला, आणि तो पूर्णपणे शिव्यांवर आधारित होता. वहीत मांडून ठेवायला हवा होता. लुंगीला खिसा नसतो.

एक मात्र लक्षात आलं. गच्चीतला एक कॉक म्हणजे एक घर नव्हे, एक उभी ओळ. आमच्या बेसिनवर, आमच्याखालच्या बेसिनवर, पाचव्यापासून पहिल्यापर्यंत सगळ्यांच्या बेसिनवर एकच पाइप. आपण ‘माझा नळ’ म्हणतो, पण पाइपाला तसं काही वाटत नसतं.

तेरावा आमचा निघाला. म्हणजे उरलेले पंधरा आमचे नव्हते यावरून काढलं. कारण तेराव्याला दांडीच नव्हती. गंजून केव्हाच पडली होती आणि जागेवर फक्त पितळेचा एक ठोकळा होता. पाना चार जिने खाली, पाण्यात पडलेला.

आता एकच उरला, टाकीचा मुख्य. मी त्याला हात घालणार तोच चेअरमन गच्चीवर आले. जोशीबुवांनी फोन केला होता.

“हा नाही हं बंद करायचा,” ते म्हणाले.

“खाली माझं घर वाहतंय.”

“ते समजलं. पण हा बंद केला की वीस फ्लॅटचं पाणी जातं. सगळ्यांचं पाणी बंद करायचं तर चोवीस तास आधी बोर्डावर नोटीस लावायची, असं ठरलंय. तुम्हीच सूचक होतात.”

होतो. दोन वर्षांपूर्वी अंघोळीच्या वेळी टाकी धुवायला काढली होती, तेव्हा सर्वसाधारण सभेत मीच हात वर करून तळमळीने बोललो होतो. मिनिटबुकात नाव आहे.

मी म्हणालो, “पाइप फुटायच्या आधी चोवीस तास मला कळलं असतं तर मी नोटीस दिली असती.” ते म्हणाले, “म्हणूनच देखभाल वेळेवर करायची असते.” तिथून बोलणं पार्किंगवर गेलं, पार्किंगवरून त्यांच्या कुत्र्यावर. अर्धा तास तरी गेला असेल. मराठी माणूस भांडताना मूळ मुद्दा विसरतो म्हणतात ते काही खरं नाही. मूळ मुद्दा पायाखालच्या पाइपातून आपला सळसळत वाहत होता, दोघांनाही ऐकू येत होता.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगा आनंदाने ओरडत होता, “बाबा, थांबलं! कुठला बंद केलात?”

मी चेअरमनकडे पाहिलं. कुठलाच केला नव्हता. पण वडिलांना मुलापुढे असे क्षण फार थोडे मिळतात. “केला एक,” म्हणालो आणि खाली उतरलो.

प्लंबर आला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्याने भिंतीतल्या तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कॉककडे. “हा कुणी बसवला?” असं विचारल्याशिवाय प्लंबरांना काम सुरू करता येत नाही. तीन वर्षांपूर्वी त्यानेच बसवला होता, पण घरात तसं कुणी बोललं नाही. तुटलेल्या जागी पितळ बघितलं तर पिवळं नव्हतं, लालसर होतं. पाण्याने त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा भुसभुशीत सांगाडा राहतो. बाहेरून क्रोम झगझगीत. त्या थेंबाचं कारण हे होतं. आवळून तो थांबणारच नव्हता.

मग त्याने जे केलं ते मी मांडी घालून पाहिलं. पिशवीतून जुनी तीनधारी कानस काढली, तिचं निमुळतं टोक भिंतीतल्या तुकड्याच्या भोकात घातलं, हातोडीने दोन हलके ठोके दिले. कानशीच्या तीन कडा तुकड्यात रुतल्या. मग कानशीला पाना लावून उलटा, अगदी सावकाश फिरवला. करकर झाली, पांढरी भुकटी पडली, आणि पाण्याने कुरतडलेली ती मान आट्यासकट बाहेर आली. आतले आटे त्याने चिंधीने पुसले, नव्या कॉकला टेफ्लॉनचे बारा-तेरा वेढे दिले, आट्यांच्या दिशेने. “उलटे दिले तर बसवताना सुटतात,” तो म्हणाला. “माझे वडील ताग आणि सफेदा लावायचे. ते परत कुणाच्या बापाला निघायचं नाही.” कॉक हाताने बसवला, शेवटचा एकच फेरा पान्याने. मी मोजला. एकच.

“चार सुताचा कॉक, चार सुताचा पाइप. ताकद कशाला लागते?” माझ्याकडे न बघता तो म्हणाला. “सोडा आता वरून पाणी, चेक करू.”

मी नळ उघडला. नळ खोकला. हवा आली, गंजाचे दोन थेंब आले, आणि संपलं.

त्याच सुमाराला डक्टमधून आवाज यायला लागले. आधी तिसऱ्या मजल्यावरून, मग पाचव्यावरून, मग एकदम सगळीकडून. जोशीबुवांचा साबण अजून निघाला नव्हता. गच्चीवर कुणीच काही बंद केलं नव्हतं. टाकीच रिकामी झाली होती. सकाळपासूनचा वापर आणि आमचं बेसिन. खालच्या टाकीत गुरुवारचा खडखडाट, त्यामुळे पंप लावून उपयोग नाही. नवं पाणी शुक्रवारी, उशिरा व कमी दाबाने.

मी खुर्चीवर बसलो. माझ्याभोवती, टेबलावर, ओट्यावर, गॅलरीत, पलंगाखाली सगळ्या सोसायटीचं पाणी ठेवलेलं होतं. पिंप, हंडा, दोन कळशा, सहा बादल्या, कुकरची तिन्ही भांडी, परात, इडलीपात्र, दुधाची किटली, फिश टँक (मासे २०१९ मध्येच गेले), आणि मुलाच्या लहानपणीचा प्लास्टिकचा टब. प्रत्येकावर झाकण. झाकण नाही तिथे ताट. त्याच्या मधोमध आई मोडा घेऊन बसली होती.

“पानशेत फुटलं तेव्हा मी आठ वर्षांची होते,” ती प्लंबरला सांगत होती. “१२ जुलै. घरात पाणी शिरलं, पाठोपाठ खडकवासला पण फुटलं. दोन दिवसांनी चिखल ओसरला आणि नळाला थेंब नाही. इतकं पाणी बघितलं, आणि प्यायला नाही. तेव्हापासून मी वाहतं पाणी सोडत नाही बाबा.” प्लंबर मान हलवत होता. तिने त्याला चहा दिला होता. माझ्यासाठी केला नव्हता.

बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, हातात बादली. “वहिनी, थोडं मिळेल का? भाजी अर्धी शिजलीय.” त्यांच्यामागे पाचव्या मजल्यावरची मुलगी. तिच्यामागे टॉवेल गुंडाळलेले, केसात फेस वाळलेले जोशीबुवा. रांग जिन्यावरून खाली वळली. आईने मोडा दाराशी सरकवला, पदर खोचला, आणि साठ वर्षांपूर्वीच्या वाड्याच्या चौकातला आवाज लावला.

“एका घराला दोन बादल्या. अंघोळ अर्धी राहिलेला पहिला. बाकीच्यांनी नंबर लावा.”

सगळ्यांनी लावला. वाद नाही, सभा नाही, हात वर करणं नाही. वीस मिनिटांत पिंप तळाला गेलं, मग हंडा. सूर्यफुलं परत त्यात जाणार का, याकडे बायकोचं लक्ष होतं.

सगळ्यात शेवटी, दोन्ही हातांत एकेक रिकामी बादली घेऊन, चेअरमन उभे होते. इकडेतिकडे बघत. आईने कळशीवरचं ताट उचललं, तांब्या बुडवला, आणि तो तसाच हातात धरून तिने वर पाहिलं.

“चोवीस तास आधी नोटीस दिली होतीत का?”